डाव्या हाताचं दूध

श्रावणातल्या तिसऱ्या शुक्रवारी, दुपारी अडीचच्या सुमाराला, हौसाबाई मुरदंडे स्वयंपाकघराच्या गार फरशीवर आडवी होते आणि आधी हे ठरवून टाकते, की आपण झोपायचं नाही. नुसती पाठ टेकायची. दुपारची झोप ही तिच्या मते रिकामटेकड्यांची गोष्ट. तिचे मालक, वसंतराव, पुढच्या खोलीत तोंडावर पेपर घेऊन तेच करताहेत आणि त्यांच्या घोरण्यानं पेपर फडफडतो आहे.

सहा वाजता गल्लीतल्या बायका यायच्या आहेत. जिवतीचा कागद देवघरापाशी चिकटवून झाला, पूजा झाली, पुरणाची जेवणं झाली. आता राहिलं हळदीकुंकू. त्याला दरवर्षीप्रमाणं मूठभर फुटाणे आणि पेलाभर गरम दूध. फुटाणे काय, इचलकरंजीत कुठल्याही दुकानात मिळतात. दूध मात्र हौसाबाईचंच. साखर, जायफळ, आणि वर चार बोटं फेस. असा फेस, की पेला स्वयंपाकघरातून फाटकापर्यंत जाईस्तोवर बसत नाही. सून पेले घेऊन बाहेर गेली, की हौसाबाई आतूनच कान देऊन बसते. "अगं बाई, काय फेस आहे!" असं तीनचार जणींनी म्हटलं, की मग पदर सारखा करून बाहेर येते, जशी काही तिला त्याची फिकीरच नाही.

त्यातली खुबी ती सगळ्यांना सांगत आली आहे. लपवत नाही, उलट मिरवते. एका हातात चरवी, एका हातात तांब्या. चरवी डोक्याच्या वर न्यायची, तांब्या मांडीपाशी, आणि दुधाची धार न तुटता खाली सोडायची. असं वीसदा वरखाली. पण वरचा हात डावाच पाहिजे. "उजव्याला फेस चढत न्हाई," ती म्हणते. "उजवा हात खायचा. डावा दुधाचा." सुनेनं, सुचितानं, लग्नानंतर दोन श्रावण डाव्या हातानं धडपड केली. दूध पायावर घेतलं, ओट्यावर घेतलं, एकदा सासऱ्यांच्या चष्म्यावर घेतलं. "तुझ्या हातात न्हाई ते," असा निकाल देऊन हौसाबाईनं चरवी परत घेतली. त्याला आता बारा वर्षं झाली.

आणि यंदा चैत्रापासून हौसाबाईचा डावा खांदा धरला आहे. हात खांद्याच्या वर जात नाही. झंपर घालताना दाराआड एकटीची कुस्ती चालते. डॉक्टरांनी सांगितलं, भिंतीवर बोटं चालवत रोज थोडा थोडा हात वर न्या. "मी काय पाल आहे?" असं विचारून ती घरी आली. घरात तिनं कुणाला काही सांगितलेलं नाही. पण सुचिताला डोळे आहेत. गेल्या आठवड्यात तिनं बॅटरीवर चालणारं, टोकाला तारेचं वेटोळं असलेलं एक घुसळणं मागवलं आणि हळूच पुढं ठेवलं. "आई, नुसतं बटण दाबायचं. मिनिटात फेस."

"दाढीचा साबणही मिनिटात फेसाळतो," हौसाबाई म्हणाली. "बायकांना तोही पाजू या का?"

ते घुसळणं खणात गेलं. आणि आज जेवणं उरकल्यावर, सगळे कलंडले तशी, तिनं दाराला कडी घालून चरवीत पाणी घेतलं. हात खांद्याच्या रेषेपर्यंत गेला आणि तिथं असा अडकला, की डोळ्यांत पाणी आलं आणि चरवीतलं पाणी पायावर. तिनं स्वतः फरशी पुसली, कडी काढली आणि तिथंच आडवी झाली. सहा वाजता काय करायचं, तिला ठाऊक नाही. मशीनला हात लावला, की हौसाबाई संपली असं गल्लीत होणार. दूधच दिलं नाही, तरी तेच होणार. या घरात हौसाबाईला काय करायचं ते ठाऊक नाही, असं आजवर झालेलं नाही.

मागच्या शेडात यंत्रमाग चालू आहेत. खटखटखटखट. लग्न होऊन आली त्या दिवसापासून हा आवाज तिच्या कानात आहे. तो असला की तिला ऐकू येत नाही, थांबला की दचकते. आता तो थांबत नाही, नुसता लांब लांब पडत जातो. खट. मग वसंतरावांचा पेपर. मग पुन्हा, किती तरी वेळानं, खट.

"सरक की जरा. आडवी पडलीस ती वाटेतच."

हौसाबाई पाय जवळ घेते. गॅसच्या ओट्याच्या जागी चूल आहे, ती पेटलेली आहे, आणि चुलीपुढं अक्का बसून सहाणेवर जायफळ उगाळते आहे. अक्का म्हणजे कृष्णाबाई, हौसाबाईची थोरली जाऊ. कपाळ मोकळं, हातात एकच चांदीचं कडं, आणि खालचा ओठ दाताखाली धरायची तीच सवय.

"अक्का? तुम्ही?"

"मग कोण, जिवती?"

"तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली."

"बरं. म्हणून काय जायफळ उगाळू नको?"

हौसाबाईला यात काही वावगं वाटत नाही. वाटतं ते एवढंच, की अक्कानं आपल्या सहाणेला न विचारता हात लावला. ती तसं बोलूनही दाखवते.

"तुझी सहाण?" अक्का म्हणते. "माझ्या माहेरची आहे ती. खाली बघ, कोपरा उडालेला आहे. मीच पाडली होती."

हौसाबाई बघत नाही. कोपरा उडालेला आहे हे तिला माहीत आहे.

अक्का उठून खण उघडते. तिला कुठला खण ते सांगावं लागत नाही. तारेचं वेटोळं असलेलं घुसळणं ती नाकाजवळ नेऊन बघते, बटण दाबते, आणि ते गुणगुणायला लागल्यावर तिचं तोंड लहान पोरीसारखं उघडं राहतं.

"अगं बाई! भुंगा पाळलास व्हय?"

"ठेवा ते. सुनेचे चाळे आहेत."

अक्का ठेवत नाही. वाटीभर दुधात ते बुडवते. दूध फुगत फुगत वाटीच्या काठावर येतं, काठावरून वर येतं, आणि पांढऱ्या टोपीसारखं थरथरत उभं राहतं. अक्का टाळीच वाजवते.

"हे आमच्या वेळेला असतं, तर माझा खांदा वाचला असता."

"तुम्हीसुद्धा!" हौसाबाई चिडते. "त्याला काय फेस म्हणायचं?"

"मग काय म्हणायचं? दुधात वारा भरायचा, त्याचं नाव फेस. हातानं भर, न्हाई तर भुंग्यानं भर. दुधाला काय कळतंय."

"पण गोडी न्हाई त्याला."

अक्का बोटानं फेस चाखते. डोळे मिटते. हौसाबाई वाट बघते आहे.

"हाय की," अक्का म्हणते. "चांगलं झालंय."

एवढं ऐकून घ्यायची हौसाबाईला सवय नाही. ती चरवी उचलून चालू लागते, आणि चालताना लक्षात येतं, की आपण मागांच्या मधून चाललो आहोत. शेडात दोन्ही बाजूंना माग आहेत, पण आवाज नाही. सगळे हलताहेत आणि आवाज नाही. अक्का पुढं आहे. तिच्या हातातून दुधाची धार सुटली आहे, बारीक, न तुटणारी, आणि ती धार सुतासारखी कांडीवर गुंडाळली जाते आहे. कांड्या भरताहेत. पांढऱ्याशुभ्र. हौसाबाईला हेही बरोबरच वाटतं. इतक्या वर्षांचं दूध कुठं तरी जायलाच हवं होतं.

"अक्का, एक विचारू?"

"विचार की. तू आणि विचारतीयास? मला बघू दे तरी."

हौसाबाई चरवी काखेला लावते. कुणाला काही विचारणं, हे तिनं आयुष्यात फार थोड्या वेळा केलं आहे. जे विचारायचं आहे, ते तिच्या पोटात केव्हापासूनचं पडून आहे.

अक्काचा नवरा लग्नानंतर सातव्या वर्षी गेला, तेव्हा अक्का सव्वीस वर्षांची. हौसा त्यानंतर दोन वर्षांनी या घरात धाकटी सून म्हणून आली. श्रावणी शुक्रवारी हळदीकुंकवाला अक्कानं बाहेर यायचं नाही, असा सासूबाईंचा रिवाज. ती स्वयंपाकघराच्या दाराआड दूध करायची आणि हौसा पेले घेऊन बाहेर जायची. पहिल्याच वर्षी कुणीशी म्हणालं, "नवी सून हाताची गुणी दिसते हं, काय फेस आहे!" हे माझं नव्हे, आत आहेत त्यांचं, असं हौसा म्हणणार होती. पण तेवढ्यात दुसरीनं कौतुक केलं, मग तिसरीनं. हौसा पंधरा दिवस त्या कौतुकावर तरंगत होती, आणि सोळाव्या दिवशी तिला स्वतःची लाज वाटली. पण तिची लाजही तिच्याच स्वभावाची. खरं सांगून टाकण्याऐवजी, खोटं खरं करून दाखवायचं असं तिनं ठरवलं. पुढचे तीन श्रावण ती फुटाणे निवडण्याच्या निमित्तानं चुलीच्या पलीकडं उभी राहिली आणि अक्काचे हात बघत राहिली. चौथ्या श्रावणात तिनं सासूबाईंच्या देखत अक्काच्या हातातून चरवी काढून घेतली. "आता मी करते."

अक्कानं सोडली. त्या दिवशी करण्यासारखं तिच्याकडं तेवढं एकच काम होतं, आणि तेही गेल्यावर ती मागच्या दारात जाऊन बसली. पुढं दोघी एका घरात चाळीस वर्षं नांदल्या, भांडल्या, एकमेकींच्या आजारपणात उशाशी बसल्या. त्या चरवीबद्दल एक शब्द झाला नाही.

"विचारणार होतीस ना?" अक्का म्हणते.

पण आता हा शाळेतला वर्ग आहे. तिसरीचा. याच वर्गातून हौसाबाईला वडलांनी कांड्या भरायला घरी नेलं, ते कायमचं. बाकांवर गल्लीतल्या सगळ्या बायका बसल्या आहेत, जरीची लुगडी, नाकात नथी, आणि बाक लहान असल्यामुळं सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागलेत. कुणाला त्याचं काही वाटत नाही. प्रत्येकीपुढं पाटीऐवजी रिकामा पेला आहे. हौसाबाई फळ्यापाशी उभी आहे. अक्का सगळ्यांत मागं, दारालगतच्या बाकावर.

"हौसा, दूध!" पहिल्या रांगेतून कुणी तरी म्हणतं.

ती डावा हात उचलते. चरवी जड आहे, हात खांद्यापाशी येतो आणि थांबतो. वर्ग वाट बघतो आहे. पेले हळूहळू बाकांवर वाजायला लागतात.

"उजव्या हातात घे की," मागून अक्का म्हणते.

"उजव्याला फेस चढत न्हाई."

अक्का हसायला लागते. आधी नुसते खांदे हलतात, मग तोंडावर पदर, मग बाकाला धरून. इतकं हसताना हौसाबाईनं तिला जिवंतपणी पाहिलेलं नाही.

"हसायला काय झालं?"

"अगं, मी जन्मभर उजव्याच हातानं केलं! तू कुठं उभी असायचीस? चुलीच्या पलीकडं, माझ्या तोंडासमोर. माझा उजवा हात तुझ्या डाव्या अंगाला दिसायचा. आरशात बघून शिकावं तसं शिकलीस तू, हौसा. आणि वर सगळ्या गल्लीला सांगत सुटलीस, डावाच पाहिजे!"

हौसाबाई आधी स्वतःच्या डाव्या हाताकडं बघते, मग उजव्याकडं. ती जेवते उजव्या हातानं, लाटते उजव्यानं, सुचितावर बोट उगारते तेही उजव्यानंच. पन्नास वर्षांत हे तिच्या डोक्यात आलेलं नाही.

"तेव्हाच का न्हाई सांगितलं?"

अक्का बाकावरून उठून येते. बायकांच्या मधून येते, आणि गुडघे आवरून त्या तिला वाट करून देतात.

"सांगितलं असतं, तर तू चोरून बघतीस हे मला ठाऊक आहे, हे तुला कळलं असतं. मग तू बघायचं सोडलं असतंस. तुझं नाक मला माहीत न्हवतं व्हय?"

"आणि हिसकावून घेतली तेव्हा?"

हेच ते विचारायचं होतं. विचारून झाल्यावर हौसाबाईला एकदम हलकं वाटतं आणि त्याच वेळी पळून जावंसं वाटतं.

"तेव्हा राग आला," अक्का म्हणते. "खोटं कशाला बोलू? मेल्यावर खोटं बोलून मला काय मिळवायचं आहे? तो अख्खा श्रावण मी तुझं तोंड बघितलं न्हाई."

"कळलं होतं मला."

"कळलंच असणार. मग पुढच्या श्रावणात हळदीकुंकवाच्या दिवशी तू पहिला पेला मागच्या दारात आणून माझ्यापुढं ठेवलास. देवीलाही दाखवायच्या आधी. तोंडानं काही न्हाई. नुसता आदळलास."

"आदळला न्हवता. ठेवला होता."

"आदळलास. निम्मा सांडला. पण उरलेल्यावर फेस होता." अक्का खालचा ओठ दाताखाली धरते. "मी केलेलं दूध मला कधी फेसासकट मिळालंच न्हवतं, हौसा. सगळ्यांना देऊन तळाचं उरायचं, गार झालेलं. त्या दिवशी मला कळलं, बायका एवढं काय वाखाणतात ते. मग दरवर्षी तू आदळत गेलीस, मी पीत गेले. राग कुठवर धरायचा माणसानं? तोंडाला फेस लागल्यावर राग धरता येत न्हाई."

हौसाबाई नाक ओढते. वर्गात सर्दी बरी नव्हे, असं काहीसं पुटपुटते.

"आता धर नीट," अक्का म्हणते, आणि या वेळी ती समोर उभी राहत नाही. हौसाबाईच्या उजव्या बाजूला येते, खांद्याला खांदा लावून, आणि तिच्या कोपराखाली आपला तळहात ठेवते. "हात असा. मनगट सैल. भांड्याकडं बघू नको, धारेकडं बघ. सोड."

पहिली धार चुकते. गरम दूध तिच्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत जातं आणि अक्काच्या बोटांतही जातं. "हातच नवा आहे," अक्का म्हणते, "होतं असं." दुसरी धार तांब्यात पडते. तिसरी लांब होते, चौथी आणखी लांब, आणि मग चरवी वर वर जात राहते, वर्गाच्या छतापर्यंत, मागांच्या पट्ट्यांपर्यंत, आणि खाली तांब्यात दूध फुलत जातं. त्याचा आवाज बदलतो. आधी खळखळ, मग मऊ, मग काहीच नाही. फेस चढला, की दूध गप्प होतं, हे हौसाबाईला माहीत आहे.

पेले भरतात. पहिल्या रांगेतली बाई ओठ पुसते आणि म्हणते, "अगं बाई, हौसा, काय हात आहे तुझा!"

तेच जुनं गोड तिच्या जिभेवर येतं. अगदी तसंच, जसं पहिल्या वर्षी आलं होतं. ते गिळायला तिला क्षणही लागला नसता.

"माझा न्हाई," हौसाबाई म्हणते. मग जरा मोठ्यानं, मागच्या बाकांना ऐकू जाईल असं, "हिचा. ही कृष्णाबाई, माझी थोरली जाऊ. पहिल्या वर्षापासून तुम्ही वाखाणलं, ते हिचं दूध होतं. मी हिचं बघून शिकले. तेही चुकीचं."

बायका वळून अक्काकडं बघतात. कितीतरी वेळ बघतात. अक्काला कुठं बघावं कळत नाही. पदर तोंडावर ओढून ती म्हणते, "गप गं. दूध गार होतंय." पण पदराआडून तिचे डोळे हसताना दिसतात. मग ती पहिल्या बाकावर, अगदी मधोमध, बायकांना सरकायला लावून बसते आणि हात पुढं करते.

"आण. आणि आदळू नको."

हौसाबाई दोन्ही हातांनी पेला तिच्या हातात देते.

खटखटखटखट.

माग चालू आहेत. फरशी गार आहे. पुढच्या खोलीत वसंतराव पेपर घडी करताहेत. गॅसचा ओटा आपल्या जागी आहे आणि ओट्यापाशी सुचिता पाठमोरी उभी राहून, सासू जागी होऊ नये अशा बेतानं पेले एकात एक न घालता सुटे मांडते आहे.

"किती वाजले?"

"साडेतीन, आई. पडा अजून. दूध यायचंय, गवळी चारला येतो."

हौसाबाई उठून बसते. उजव्या हातावर भार देऊन उभी राहते. फळीवरची चरवी आणि तांब्या काढते, चरवीत माठातलं पाणी घेते आणि सुनेपुढं धरते.

"घे. उजव्या हातात."

सुचिता चरवीकडं बघते, सासूकडं बघते. "उजव्या? तुम्हीच तर म्हणाला होता, उजव्याला..."

"मी चुकीचं सांगितलं होतं."

हे वाक्य या घरात आजवर कुणी ऐकलेलं नाही. पुढच्या खोलीतली पेपरची घडीसुद्धा अर्धी राहते. सुचिता चरवी घेते आणि, शिकणाऱ्यानं उभं राहावं तशी, सासूच्या समोर जाऊन उभी राहते.

"समोर नको. इकडं ये, माझ्या उजव्या बाजूला. अंगाला अंग लाव. आज हळदीकुंकवाला तू दूध करायचं. आणि बायकांनी विचारलं तर सांगायचं, हे कृष्णाक्काचं दूध आहे."

सुचिता येऊन खेटून उभी राहते. तिचा डावा दंड सासूच्या उजव्या हाताला लागतो आणि ती चमकून खाली बघते.

"आई, हे काय लागलंय तुम्हाला? कोपरापर्यंत चिकट झालंय सगळं." ती बोट लावते, वास घेते, आणि मग, राहवत नाही म्हणून, जिभेला लावते. "गोड आहे. जायफळ आहे याला. अहो, घरात अजून दुधाचा थेंब न्हाई, आणि जायफळ तर मी उगाळलंसुद्धा न्हाई!"

ती पुसायला पदर पुढं करते. हौसाबाई हात मागं घेते.

"राहू दे ते. हात वर धर. मनगट सैल. आणि माझ्याकडं काय बघतीस, धारेकडं बघ."